मारों बोक्याचे दुखणे

ऊसतोड सुरू झाली की आमच्या अंगणातले पाहुणे वाढतात. जूनपासून डिसेंबरपर्यंत एकेक शेत मोकळे होत जाते, आणि उसाच्या आडोशाला जन्मलेली, तिथेच उंदीर मारून वाढलेली मांजरे घरामागे, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी, केळीच्या बुडाशी येऊन बसतात. ज्यांची घरे कास्कावेलच्या बाजूला किंवा बांबूच्या आसपास शेताला लागून आहेत, त्या वाचकांना हे सांगावयास नको. कुणी त्यांना झाडू दाखवतो, कुणी भाताचा काला ठेवतो. आमच्या घरी आजी आहेत, म्हणून काला ठेवला जातो.

अशा मांजराला आपण क्रिओलमध्ये 'सात मारों' म्हणतो. भारतातून आलेल्या एका पाहुण्यांनी हा शब्द आमच्या तोंडून ऐकला आणि 'सात कुणाला मारायचे?' असे घाबरून विचारले, तेव्हा मुलांची हसून मुरकुंडी वळली. परंतु शब्द हसण्यासारखा नाही. मळ्यांतून पळून डोंगरात, ल मॉर्नसारख्या कड्यांवर लपणाऱ्या गुलामांना मारों म्हणत. जो माणसाच्या हाताखाली राहावयास तयार नाही, तो मारों. मांजराला हे नाव ज्याने दिले त्याने मांजर नीट पाहिले होते.

मुलांनी आमच्या अंगणातल्या करड्या बोक्याचे नावच मारों ठेवले. तीन वर्षे तो रोज संध्याकाळी सातच्या सुमारास आंब्याखाली येत असे. आजींनी थाळी ठेवून दहा पावले मागे यावे, मग त्याने खावे. नऊ पावलांवर कुणी उभे असेल तर तो जेवत नसे. तीन वर्षांत हे अंतर एका पावलानेही कमी झाले नाही. तो आजारी पडला तेव्हा काय घडले, आणि त्याआधी आमच्या हातून दुसऱ्या एका मांजरीचे काय झाले, ते दोन्ही आज सांगावयाचे आहे. दुसरे सांगताना जरा जड जाते, म्हणून तेच आधी सांगून टाकतो.

2016 साली एक पांढरी मांजरी येत असे. एके दिवशी तिचा गाल सुजलेला दिसला, आणि दोन दिवसांनी ती थाळीकडे बघून नुसतीच बसून राहू लागली. आम्ही चौघे पुरुषमाणसे टॉवेल आणि बटाट्याचे रिकामे पोते घेऊन तिच्यामागे लागलो. पाण्याची टाकी आणि भिंत यांच्यामध्ये ती कोंडली गेली. दादांनी टॉवेल टाकून मानेला धरले. पुढचे इतक्या झटपट झाले की कुणालाच नीट आठवत नाही. दादांच्या अंगठ्याच्या बुडाशी चार दात रुतले, मांजरी भिंतीवरून उसात गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा हात मनगटापर्यंत लाल होऊन फुगला. त्यांना दोन रात्री रुग्णालयात शिरेतून औषध घ्यावे लागले.

मांजरी चौथ्या दिवशी परत आली. आम्हाला वाटले, आता पकडावयाचे नाही, औषध खाण्यातून द्यावे. घरात पॅरासिटामॉलच्या गोळ्या होत्या. अर्धी चुरून दुधात घातली आणि थाळी ठेवली. सकाळी थाळी रिकामी होती. ती तिनेच प्याली की दुसऱ्या कुणी, ते आम्हाला कधीच कळले नाही. आठवड्याने ऊस तोडणाऱ्यांना ती शेताच्या कडेला मेलेली सापडली.

त्या अर्ध्या गोळीचा अर्थ आम्हाला सात वर्षांनी एका पशुवैद्य बाईंकडून कळला. माणसाचे यकृत हे औषध ज्या रीतीने निकामी करून बाहेर टाकते ती रीत मांजराच्या यकृताजवळ जवळजवळ नाहीच. औषध अंगात राहून विष होते, रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. माणसाची अर्धी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आपल्या प्रत्येक घरात ही गोळी आहे, आणि मायाळू माणसाच्या हातात ती आधी येते. म्हणून वाचकहो, या लेखातले दुसरे काहीही विसरलात तरी चालेल, मांजराला माणसाच्या तापाची गोळी देऊ नका.

आता मारोंकडे वळू. 2023 च्या सप्टेंबरात गणेश चतुर्थी आठ-नऊ दिवसांवर आली होती. तो तीन दिवस आला नाही, चौथ्या दिवशी आला तो मान एका बाजूला कलती धरून. डाव्या गालापासून कानाखालपर्यंत लिंबाएवढी सूज. मच्छी-भाताचा वास घेऊन तो मागे सरला, बसला, आणि डोळे अर्धे मिटून राहिला. नऊ पावलांवर आमची धाकटी उभी होती, तरी तो उठला नाही. आजी म्हणाल्या, "हा नऊ पावलांवर बसला म्हणजे बरा नाही."

बोक्यांमध्ये असे दुखणे नेहमीचे असते. दोन बोके भांडतात, दाताची सुईसारखी भोके पडतात, कातडी वरून एक-दोन दिवसांत मिटून जाते आणि तोंडातली घाण आत अडकते. मग गळू होते, ताप येतो, अन्न सुटते. पाळलेल्या मांजराचे हे गळू म्हणजे डॉक्टरांच्या टेबलावरचे अर्ध्या तासाचे काम. रानटी मांजराच्या बाबतीत त्या टेबलापर्यंतची वाटच खरे दुखणे असते. अन्न सुटल्यावर फार दिवस थांबताही येत नाही. मांजर बरेच दिवस उपाशी राहिले तर अंगातली चरबी यकृतात साठते आणि मूळ आजार बरा होत असतानाही ते दगावू शकते.

आम्ही फोन करावयास बसलो. एका ठिकाणी सांगितले की गाडी येऊन मांजर घेऊन जाईल, पण उपचार होणार नाही. दुसऱ्या ठिकाणी, "मांजर हातात घेऊन या," म्हणाले. हातात घेता येत असते तर आम्ही फोन कशाला केला असता? तिसऱ्या ठिकाणी, क्वात्र बोर्नच्या बाजूला, त्या पशुवैद्य बाई भेटल्या. त्यांनी आजार काय ते विचारलेच नाही. पहिला प्रश्न होता, "ते तुमच्याकडे ठरलेल्या वेळी जेवायला येते का?" दुसरा, "शेवटचे कधी खाल्ले?" आणि तिसरा, "अंगाला हात लावायचा प्रयत्न कोणी केला आहे का? केला नसेल तर करू नका."

मग त्यांनी जे समजावले ते येथे आमच्या शब्दांत देतो. लहानपणी, दोन ते सात-आठ आठवड्यांच्या वयात, ज्या पिल्लाला माणसाचा हात लागला तेच पुढे माणसाळते. ते वय उसात गेले तर मोठेपणी आपला हात त्याच्या लेखी कुत्र्याचा जबडाच असतो. आजारपणात ते दुबळे होते, गरीब होत नाही. कोंडले की जिवाच्या आकांताने चावते, आणि एकदा टॉवेलाचा धसका घेतला की ती जागाच सोडून देते. म्हणून पकडण्याची संधी एकच असते असे धरून चालावे. पाठलाग नाही, टॉवेल नाही, पोते नाही. पिंजरा लावावा आणि मांजराने आपल्या पायांनी आत जावे.

पिंजरा आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मिळवून दिला. तारेचा, लांबट, एका टोकाला वर उचलून अडकवावयाचे दार. आतल्या पट्टीवर पाय पडला की दार खाली येते. दिसावयास सोपे. पण पहिली अडचण आली ती पिंजऱ्याची नव्हे, आमिषाची. चतुर्थीपूर्वीचे कारेम चालू होते. घरात मासळी-मटण बंद, भांडी घासून वेगळी ठेवलेली, आजी रोज गणपतीच्या मातीची तयारी बघत होत्या. आणि डॉक्टरीणबाई सांगत होत्या की आजारी मांजराला भूक नसते, नाक चोंदलेले असते, तेव्हा तीव्र वासाचेच काहीतरी हवे, तेलातली सार्डिन, तीही कोमट करून.

आम्हाला वाटले, आता घरात वाद होणार. आजींनी क्षणभर विचार केला. मग मुलाला दुकानावर पाठवून डबा आणवला, तो घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही, आंब्याखाली तीन दगडांवर जुन्या टिनात गरम केला, टिन तिथेच फेकले आणि स्वतः पुन्हा अंघोळ करून आत आल्या. वर म्हणाल्या, "गणपतीच्या उंदराला सांगून ठेवते, हा बोका यंदा येणार नाही तुझ्याकडे."

पिंजरा लावावयाच्या बारीकसारीक गोष्टी त्या रात्री कळल्या. तळाशी वर्तमानपत्र घालावे, नाहीतर पायाला तार लागून मांजर मागे फिरते. (जुने अंक आमच्या घरी भरपूर असतात, संपादकांनी रागावू नये.) मासळी पट्टीच्या पलीकडे, अगदी मागच्या टोकाला ठेवावी, आणि दारापासून तिथपर्यंत तेलाचे दोन-चार थेंब टाकावे. पिंजरा डुगडुगता कामा नये. दुसरे काहीही खावयास बाहेर ठेवू नये, आणि शेजाऱ्यांनाही तसे सांगून यावे. आमच्या शेजारच्या काकी गुपचूप भात घालत होत्या हे आम्हाला तेव्हा समजले. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे पिंजरा लावून झोपी जाऊ नये. दार पडल्यावर मांजर अंधारात तारेवर डोके आपटत राहते, नाक फोडून घेते. म्हणून कोणीतरी दुरून लक्ष ठेवावे, दार पडताच जाऊन जाड चादर टाकावी. अंधार झाला की ते आश्चर्य वाटावे इतके शांत होते.

पहिल्या रात्री मारों आला, दाराशी बसला, आत मान घातली आणि निघून गेला. पहाटे दार पडल्याचा आवाज आला, आम्ही चादर घेऊन धावलो, तर आत मुंगूस. सार्डिन संपवून आमच्याकडे रागाने बघत होते. आजींना मुंगूस दिसल्याचा आनंद झाला, शुभशकुन म्हणून. आम्हाला मात्र दुसरा डबा आणावा लागला.

दुसऱ्या रात्री दहा वाजून गेल्यावर दार पडले. धाकटीने चादर टाकली. आतून एक शब्द नाही, फक्त श्वास.

सकाळी शेजारच्या काकांच्या भाजीच्या गाडीतून पाल्माच्या रस्त्याने निघालो. पिंजरा उचलताना मुठीवर जाड कापड, बोटे तारेच्या आत जाऊ द्यावयाची नाहीत, एवढे लक्षात ठेवले. गाडीत रेडिओ बंद. काका नेहमी वाट्टेल तसे गाडी हाकतात, त्या दिवशी मात्र वळणावर इतके हळू की मागचा बसवाला हॉर्न वाजवून थकला.

दवाखान्यात आम्हाला बसावयाच्या खोलीत न ठेवता मागच्या दाराने नेले, कारण पुढे कुत्री होती. हे आधी फोनवर ठरले होते. रानटी मांजर आणणार असे न कळवता दाराशी जाऊन उभे राहिले तर चांगला डॉक्टरही नाही म्हणेल, आणि त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. सगळ्यांकडे त्यासाठी लागणारा पिंजरा नसतो. त्या बाईंकडे होता. त्याची एक बाजू दांड्याने आत सरकवता येते. मांजर दुसऱ्या बाजूला अलगद दाबले जाते आणि तारेतून मांडीत सुई देता येते. कुणाचा हात त्याच्या अंगाला लागत नाही. आमच्या डोळ्यांदेखत हे एका मिनिटात झाले. दादांचा अंगठा आठवला.

पण सुई देण्यापूर्वी बाई थांबल्या होत्या. एक कागद पुढे केला. त्यावर 'मालक' असा रकाना होता. आम्ही म्हणालो, "आम्ही याचे मालक नाही, हा फक्त जेवायला येतो." त्या म्हणाल्या, "मग सही कोण करणार? भूल दिल्यावर मी तोंड उघडून बघीन, रक्त बघीन. जबडा सडलेला असेल, किंवा आतून सगळे संपलेले असेल, तर याला पुन्हा जागे करायचे की नाही हे मला आताच सांगा. जागे झाल्यावर त्याला पुन्हा धरता येणार नाही, आणि रोज औषध तुम्ही देऊ शकणार नाही."

धाकटी शेजारी उभी होती. वर्गात आम्ही मुलांना प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत द्यावयास सांगतो. त्या दिवशी आम्हाला एक ओळ सुचेना. शेवटी आजींना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतले. "बरा होत असेल तर आणा. नुसता दुखत ठेवायला आणू नका," एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला. आम्ही 'मालक' खोडून 'जेवण घालणारे' असे लिहिले आणि सही केली. बाईंनी तो कागद तसाच घेतला.

औषध चढावयास दहाएक मिनिटे लागली. मग ज्याला तीन वर्षांत कुणी स्पर्श केला नव्हता तो टेबलावर आडवा झाला, आणि आम्हाला त्याचे पोट प्रथमच दिसले, मळकट पांढरे. वजन साडेतीन किलो. ताप 40 अंशांवर (मांजराचा नेहमीचा 38 ते 39 असतो). गळू फोडून पू काढला, आतून धुतले, आणि भोक शिवून न टाकता तसेच उघडे ठेवले, कारण पू बाहेर पडावयास वाट हवी. एक दात किडलेला होता तो काढला. मग दोन आठवडे अंगात टिकणाऱ्या प्रतिजैविकाची सुई दिली. रानटी मांजराच्या बाबतीत ही सुई म्हणजे मोठीच सोय. रोज दोन वेळा गोळी गिळवणे ज्या घरच्या मांजरांनाही आवडत नाही, ते मारोंच्या बाबतीत अशक्यच होते. पिसवांचे औषध मानेवर घातले. आणि तो झोपेत होता तेवढ्यात त्याला खच्ची केले, डाव्या कानाचे टोक किंचित कापले, म्हणजे पुढे कुणी पकडले तर दुरूनच कळावे की याचे काम झालेले आहे. ताप याहून जास्त असता तर खच्ची करण्याचे काम आपण केले नसते, असे बाई म्हणाल्या.

रक्ताच्या चाचणीत एक गोष्ट निघाली. बोक्यांच्या चाव्यांतून पसरणारा, प्रतिकारशक्ती हळूहळू खाणारा विषाणू, ज्याला एफआयव्ही म्हणतात, तो त्याच्या अंगात होता. माणसाला तो लागत नाही. काही ठिकाणी एवढ्यावरूनच मांजराला कायमचे झोपवतात. बाईंनी तोंडाकडे, हिरड्यांकडे, डोळ्यांकडे पुन्हा एकदा पाहिले आणि म्हणाल्या, "अशी मांजरे पुष्कळ वर्षे जगतात. खच्ची केलेला बोका भांडतो कमी, म्हणजे दुसऱ्यांना देणेही कमी होईल. माझ्या मते उठवावा." त्यांनी उलट औषधाची सुई दिली, आणि मारोंला आमच्या पिंजऱ्यात ठेवून वर चादर टाकली. काही मिनिटांत चादरीखालून गुरगुर ऐकू आली. धाकटी तोवर कोरडी होती, गुरगुर ऐकून रडू लागली.

खच्ची करण्याबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण आपल्यातले पुष्कळ जण उपचाराला तयार होतात आणि इथे मागे सरतात. 'निसर्गात ढवळाढवळ कशाला' असे म्हणतात. परंतु मांजर या बेटाच्या निसर्गातले नाहीच. ते जहाजांबरोबर आले, उंदरांसारखेच. ब्लॅक रिव्हरच्या घळींतल्या गुलाबी पारव्यांची गोष्ट आपण शाळेत सांगतो. 1990 च्या सुमारास रानात ते दहाच्या आसपासच उरले होते. पुष्कळ माणसांच्या अनेक वर्षांच्या कष्टांनी आज ते काही शेकड्यांवर आले आहेत, आणि त्यांच्या शत्रूंत उंदीर, मुंगूस, माकडे यांच्याबरोबर रानमांजरही आहे. मारोंला बरे करून, पोट भरून, त्याची प्रजा वाढवावयास पुन्हा उसात सोडणे याला आम्ही तरी दया म्हणणार नाही. 2013 च्या प्राणिकल्याण कायद्याने प्राण्याला विनाकारण क्लेश देणे गुन्हा ठरवले आहे. खच्ची न केलेल्या मांजरीच्या दर वितीत किती पिल्ले क्लेशाने मरतात ते शेताच्या काठी राहणाऱ्यांना ठाऊक आहे.

चाव्याबद्दलही लिहावयास हवे. दादांच्या वेळी आम्ही हळद दाबून दिवस काढला, ती चूक होती. मांजराचे दात बारीक आणि खोल जातात. वरून टाचणीएवढे भोक, आत जंतू हाडापर्यंत. चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणाने बराच वेळ धुवावे आणि त्याच दिवशी दिस्पांसेरमध्ये जावे. धनुर्वाताची सुई कधी घेतली होती ते आठवून जावे. विशेषतः हाताच्या सांध्याजवळ चावले असेल तर सकाळची वाट बघू नये. आपले बेट रेबीजमुक्त आहे, हे आपले मोठे भाग्य. पण त्यामुळे आपल्या मुलांना एक वाईट सवय लागते. सुटीत रत्नागिरी-मुंबईकडे गेल्यावर ती तिथल्या मांजरा-कुत्र्यांनाही तशीच कुरवाळावयास जातात. भारतात रेबीज आहे, आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर इलाज नाही. तिथे चावा किंवा ओरखडा झाला तर धुऊन लगेच लस घ्यावी लागते, घरी परत येऊन बघू असे चालत नाही.

मारों दोन रात्री आमच्या गाडीखान्यात चादरीखाली राहिला. बाईंनी सांगितले होते की पूर्ण शुद्धीवर येऊन खाल्ल्याशिवाय सोडू नका. भुलीच्या गुंगीत रस्त्यावर गेला तर गाडीखाली येईल. पहिल्या रात्री पाणी लोटून दिले. दुसऱ्या सकाळी सार्डिनचा तिसरा डबा चाटून पुसून ठेवला होता. आंब्याखाली नेऊन दार वर केले तेव्हा वाटले, बाणासारखा जाईल. तो क्षणभर बसून राहिला. मग गेला, आणि सहा दिवस आला नाही.

ते सहा दिवस घरात बरे गेले नाहीत. चतुर्थी आली, मोदक झाले, गणपती समुद्रावर पोचवला, आणि धाकटी दर संध्याकाळी सात वाजता आंब्याकडे पाहत होती. आम्हाला पांढरी मांजरी आठवत होती, तिला काही सांगितले नाही. सातव्या दिवशी कारेम सुटल्यानंतरची पहिली मच्छी शिजत होती तेव्हा तो आला. गालावर केस नसलेला रुपयाएवढा गुलाबी डाग, डावा कान टोकाला सपाट. आजींनी थाळी ठेवली आणि मोजून दहा पावले मागे आल्या.

त्यानंतर बाईंच्या सांगण्यावरून आम्ही एक गोष्ट केली आहे, आणि ज्यांच्या अंगणात असा कुणी जेवावयास येतो त्यांनी ती मांजर धडधाकट असतानाच करावी. पिंजरा विकत घेतला. त्याचे दार वर उचलून दोरीने पक्के बांधून टाकले आणि तो आंब्याखाली ठेवला. थाळी आधी पिंजऱ्याशेजारी, मग दारात, मग आत, मग अगदी मागच्या टोकाला. यास दीड महिना लागला. आता मारों रोज आतच जेवतो, आणि पुन्हा कधी दुखणे आले तर आम्हाला फक्त गाठ सोडावयाची आहे. किडलेले दात, मूत्राचा अडथळा, डोळ्याचे दुखणे, या विषाणूच्या मांजराला पुढे काहीही होऊ शकते. बोक्याचे मूत्र अडले तर दोन दिवसही हातात नसतात. तो वारंवार मातीत बसतो आणि काही होत नाही असे दिसले तर त्याच दिवशी न्यावयाचे, हेही आता घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

खर्चाचे विचाराल तर, तो पाळीव मांजरापेक्षा जास्त येतो, कारण भुलीवाचून काहीच करता येत नाही. आम्ही तो काकींसह तीन घरांत वाटून घेतला. काकी आता भात गुपचूप घालत नाहीत, उघड घालतात, पण थाळी पिंजऱ्यातच ठेवतात.

जानेवारीच्या पावसात पाहिले तर तो जेवण झाल्यावरही आत बसून होता, चारी पाय पोटाखाली घेऊन. दोरी पाण्याने कुजू लागली आहे. या रविवारी नायलॉनची बांधावयाची आहे, नाहीतर एखाद्या रात्री दार आपोआप पडेल आणि तो आम्हाला पुन्हा कधी माफ करणार नाही.